देवरावभाऊंचा नियम

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अकरा वर्षं वेबसाइटचे फॉर्म बनवून जीव शिणलाय, भुताखेतांसाठी वेळ कुठून आणू?

राजापेठेत शिकवणी क्लासच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. फॉर्ममध्ये भरलेली माहिती तपासायला कोडमध्ये छोटे नियम लिहावे लागतात, प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. आमचे अकोल्याचे सहकारी देवरावभाऊ ही नावं वऱ्हाडीत ठेवायचे. मुलींच्या वसतिगृहाच्या फॉर्ममध्ये त्यांचा एक नियम होता — ‘बापाचं_नाव_नसलं_तरी_चालते’. मला भारी चीड यायची. नावं इंग्रजीत, एका साच्यात हवीत... म्हणून सगळी बदलली. हा एक त्या साच्यात बसेना, तर काढूनच टाकला. मग वडिलांचं नाव सक्तीचं झालं. भाऊ एवढंच म्हणाले, "ताई, नाव वाचून समजलं पाहिजे न, कोणासाठी लिवलं ते." मी ऐकून सोडून दिलं.

मार्चमध्ये भाऊ गेले. हार्ट अटॅक.

जूनमध्ये, शेवटच्या तारखेला दुपारी चार वाजता चांदूर रेल्वे गावाहून एका बाईंचा फोन आला. लेक त्यांनी एकटीनं वाढवलेली, वडिलांचं नाव एकाही कागदावर नाही. फॉर्म पुढे सरकेना आणि पाचला बंद होणार. वसतिगृह नाही मिळालं तर पोरीचं कॉलेज संपलं, म्हणाल्या. ही माझीच करणी होती. दुरुस्ती करायला बसले, तर सर्व्हरचा पासवर्ड बदललेला. नवा ज्यांच्याकडे, ते फोन उचलेनात. पाचला दहा मिनिटं कमी असताना बाईंना खरं काय ते सांगायला फोन लावला.

"झाला न मॅडम फॉर्म," त्या म्हणाल्या. "वडिलांच्या नावाच्या चौकटीखाली लिहून आलं, ‘चालते, पोरीले पुढे जाऊ द्या.’"



दुसऱ्या दिवशी नवा पासवर्ड मिळाला, कोड उघडला. नियम होता, त्याच वऱ्हाडी नावाचा. बदलांच्या नोंदीत शेवटचा बदल माझाच, तो काढल्याचा. ऑफिसात सगळ्यांना विचारलं, कुणीच हात लावलेला नव्हता. जुनी कॉपी कुठून तरी सर्व्हरवर आली असेल, असं एकजण म्हणाला. असेलही. पण ते चौकटीखालचं वाक्य जुन्या कॉपीत नाही, मी स्वतः पाहिलंय.

पोरगी आता वसतिगृहात आहे. भाऊंना सॉरी म्हणायचं मात्र राहूनच गेलं, त्याचं फार वाईट वाटतं. बाकी नावं इंग्रजीतच आहेत... त्या एका नावाला मी हात लावत नाही.