चतुराबाईची पासष्टची पेटी

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बाई आली की लोकं माना वळवून बघतात. बघा म्हणावं! दीड वर्षात चतुराबाई आमच्याकडं जितक्यांदा आली, तितक्यांदा मिशीवाले पाटीलही येत नाहीत. मी कारभारी, तीस वर्षं याच काउंटरला उभा आहे. मला विचारा.

तिचा नवरा सर्जेराव. शेंद्र्याच्या पलीकडं वावर, अन् डुकरं हुसकायला पीक-परवान्यावरची जुनी दुनळी बंदूक. सर्जेराव गेला, तशी बंदूक कायद्यानं आमच्या कपाटात जमा झाली, परवाना बाईच्या नावावर होईस्तोवर. पोरगा सत्यम इकडं शहरात, गारखेड्यात राहतो. तो म्हणाला, "इकून टाक आई, काय करायची?" बाई हटून बसली.

"कशापायी एवढा आटापिटा?" मी एकदा वैतागून विचारलं.

"दिवस बुडताना ते हवेत एक बार काढायचे," ती म्हणाली. "मी घरी चुलीपुढं. बार ऐकला की जीव भांड्यात पडायचा. आता दिवस बुडतो अन् मी नुसती कान देऊन बसते. तेवढा आवाज मला पाह्यजे, भाऊ. बाकी काय नको."

मी काडतुसांची पेटी काढली अन् म्हटलं, बंदूक पाहिजे तर आधी हे वाचायला शिका.

इंग्रजी येत नव्हतं तिला, पण आकडे पक्के. मी पेटीवर बोट ठेवलं. बारा, हे बंदुकीच्या नळीचं माप. चार, हा आतल्या छर्ऱ्याचा नंबर. लगेच तिनं अक्कल पाजळली, "मंग आठ नंबर लई ठोकळ आसंल!" सगळे इथंच फसतात. "उलटं असतं बाई, नंबर वाढला की छर्रा बारीक." ती हसली. "मंग कुंपणाच्या तारंगत म्हणा की. आठ नंबरची जाड, चौदाची बारीक." आईशप्पथ, तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

शेवटचा आकडा काडतुसाच्या लांबीचा, मिलिमीटरमधे. तुमच्या जुन्या बंदुकीला पासष्टच, मी बजावलं. सत्तरचं काडतूसही आत बसतं, अन् तिथंच घात होतो. उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही, अन् नळी फुटू शकते.

मागच्या महिन्यात परवाना आला. बाई नवं लुगडं नेसून आली. गडबडीत मी पेटी पुढं सरकवली. तिनं चष्मा चढवला, आकड्यांवरून बोट फिरवलं अन् पेटी माझ्याकडं ढकलली. "सत्तर हाय ही. मला वर धाडता का काय?" लाजेनं माझी मान खाली गेली. पासष्टची काढून दिली, बंदूक पुसून दिली. बाई लहान पोरीवानी हरखून गेली होती.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मी म्हटलं, "काय बाई, झाला का बार?"

"झाला. कानठळ्या बसल्या." ती म्हणाली, "त्यांचा बार आसा नव्हता, भाऊ. लांबून यायचा, मऊ. मी जन्मभर घरून ऐकला. आता मीच वावरात, अन् घरी ऐकायला कोण हाय?"

समोर दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती.

"बंदूक तुमच्या कपाटात व्हती तवा बरं व्हतं," ती म्हणाली. "वाट तरी बघत व्हते."