उजव्या हाताची घंटा

तिला सगळे घंटाबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक नाही असा सगळ्यांचा गोड समज होता. शहरात अपंगांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणारी जेवढी म्हणून निवासगृहं होती, त्यांचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा हे तिच्या शेऱ्यावर ठरे. ती ऑफिसच्या गाडीत पाय ठेवते न ठेवते तोच एका निवासगृहाचा चालक दुसऱ्याला फोन करी, "घंटाबाई निघाल्या!" मग दुसऱ्याकडे फरशा पुसल्या जात, तिसऱ्याकडे खाटांवर नव्या चादरी पडत, आणि चौथा देवाचं नाव घेत आजारी पडे.

नाव पडायला कारण होतं. बाकीचे तपासनीस चालकाच्या खोलीत पंख्याखाली बसत, बिस्किटं संपवत, आणि भिंतीवरच्या पोस्टरमधले हसरे चेहरे पाहून सही ठोकत. पोस्टरमधले लोक कुठल्याच निवासगृहात कधी सापडले नाहीत, पण त्याची चौकशी कोण करणार? ही बाई मात्र बिस्किटांना हातही लावत नसे. तडक वॉर्डात जायचं, रिकामी खाट बघायची, पर्स उशाशी ठेवायची आणि चपलांसकट आडवं व्हायचं. मग खाटेशेजारची बोलावण्याची घंटा दाबायची आणि छताकडे बघत पडून राहायचं.

यात तिचे दोन दंडक होते. घंटा वाजल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, आणि माणूस येईपर्यंत आपण पाठ उचलायची नाही. "इथल्या माणसाला उठून बसता येत नाही, मग मी कशी बसू?" असं ती ठणकावून सांगे. एका ठिकाणी वाट बघता बघता तिचा चक्क डोळा लागला होता. जाग आली तेव्हा एक मावशी तिला नवीन पेशंट समजून तिचं तोंड पुसत होती. त्या निवासगृहाला पुढे टाळं लागलं.

घंटेचा नियमही मुळात तिचाच. त्याआधी कुणी घंटा दारावर लावी, कुणी पडद्यामागे, आणि एका महाभागानं तर सगळ्या घंटा कपाटात कुलपात ठेवल्या होत्या, हरवू नयेत म्हणून. मग तिनं बसून नियम लिहिला. प्रत्येक खाटेला घंटा, तीही उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, सगळीकडे एकसारखी. साहेबांनी पाठ थोपटली. नियम सगळ्या निवासगृहांना लागू झाला, आणि ज्यांनी घंटा दुसरीकडे लावल्या होत्या त्यांना ताकिदी गेल्या. कित्येक दिवस ती स्वतःवरच खूश होती.

तिला एकच माणूस घाबरत नसे, तो म्हणजे तिचा थोरला भाऊ. दादा शिंपी होता. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानं मशीनवर मान मोडून हिला शिकवलं आणि स्वतः लग्नाच्या भानगडीत पडला नाही. कापडाच्या बाबतीत तो भयंकर खत्रूड. शर्टाच्या कॉलरला सुरकुती दिसली तर गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे शर्ट उतरवायला लावी. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. तोंडात शब्द उरला एकच, "हट्". त्या एका शब्दावर तो संसार चालवी. हट् म्हणजे हो, हट् म्हणजे नाही, हट् म्हणजे चहा आणा, आणि टीव्हीवर पुढारी दिसला की हट् म्हणजे जे कुणालाही वाटतं तेच.

दादासाठी तिनं घर शोधलं ते शहरातल्या प्रत्येक निवासगृहाच्या खाटेवर स्वतः लोळून. शेवटी एका मेट्रनबाईंचं छोटं, दुमजली निवासगृह तिला पसंत पडलं. तिथे दादा असल्यामुळे तपासणीला तिला मनाई होती. ते काम ऑफिसातला दुसरा तपासनीस करी, तो बिस्किटवाल्यांपैकी. ही फक्त रविवारी जाई, बहीण म्हणून, जीभ आवरून.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. पण गेल्या काही महिन्यांपासून दादा अंथरूण ओलं करू लागला. मेट्रनबाई दर रविवारी चेहरा लांब करून सांगत, "मॅडम, आजही." आणि मागच्या रविवारी त्यांनी हळूच विषय काढला. "त्यांची जाणीव गेलेली दिसते. आता वरच्या मजल्यावर हलवावं म्हणते. तुम्ही हो म्हणालात की लगेच."

वरचा मजला म्हणजे काय हे तपासनीस बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. वरच्या मजल्यावर डायपर, खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे आणि दिवसभर छत. तिथल्या लोकांना चाकाची खुर्ची मिळत नसे, कारण ते कुठे जाणार नाहीत असं आधीच ठरलेलं असे. वर गेलेला माणूस खाली आल्याचं तिनं कुठल्याच निवासगृहात पाहिलं नव्हतं.

"दादा, लहान आहेस का तू?" ती त्याच्यावर खेकसली होती. "वेळेवर सांगता येत नाही?"

"हट्," दादा म्हणाला. मग आणखी जोरात, "हट्!" आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिनं मेट्रनबाईंना सांगितलं, पुढच्या रविवारी कळवते. पण मनातून तिनं हो म्हणून टाकलं होतं, आणि त्या दिवसापासून तिला जेवण जात नव्हतं.

त्या आठवड्यातच ती आपल्या घरच्या बाथरूममध्ये घसरून पडली. प्रत्येक निवासगृहाच्या बाथरूममध्ये धरायला दांडा नसेल तर चालकाची सालटी काढणारी ही बाई, पण स्वतःच्या बाथरूममध्ये धरायला होती ती फक्त हवा. उजवं मनगट मोडलं. बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर आलं आणि हात गळ्यात अडकवला गेला.

"आपल्या घराचा परवाना कधी काढून घेतेस?" नवऱ्यानं विचारलं. त्यानं आयुष्यात केलेला हा एकमेव चांगला विनोद, आणि तो त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला.

घरी बसून तो विनोद ऐकण्यापेक्षा कामावर गेलेलं बरं, म्हणून ती प्लास्टरसकट तपासणीला निघाली. त्या दिवशी नंबर होता शहरातल्या सगळ्यात महागड्या निवासगृहाचा. दारात कारंजं, आत टाय लावलेला मॅनेजर. टायवाल्याला तिची पद्धत पाठ होती. त्यानं सगळ्या मावश्या व्हरांड्यात भिंतीला लावून उभ्या केल्या होत्या. घंटा वाजली रे वाजली की पळत सुटायचं, अशी तालीम सकाळपासून चालली होती.

ती वॉर्डात गेली, दार ओढून घेतलं आणि एका रिकाम्या खाटेवर आडवी झाली. उशाशेजारी भिंतीवर घंटा होती. उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, अगदी नियमाप्रमाणे. तिनं हात उचलला तर प्लास्टर गळ्यातल्या पट्ट्यासकट जागच्या जागी हललं. डावा हात पलीकडे न्यावा तर तो उजव्या कानापर्यंत पोचे आणि तिथेच संपे. कुशीवर वळायचं म्हणजे पाठ उचलायची, आणि ते तिच्याच दंडकात बसत नव्हतं.

"अहो, कुणी आहे का?" तिनं हाक मारली.

बाहेर चिटपाखरू हललं नाही. व्हरांड्यात मावश्या श्वास रोखून घंटेची वाट बघत होत्या. टायवाल्यानं त्यांना बजावलं होतं, बाई काहीही बोलल्या तरी घंटेशिवाय जागचं हलायचं नाही, बाईंचा नियम आहे.

शेजारच्या खाटेवरून खुसखुस ऐकू आली. तिथे एक म्हातारे ड्रिलमास्तर पडले होते. त्यांचंही उजवं अंग गेलेलं होतं, पण जीभ शाबूत होती.

"ओरडू नका," मास्तर म्हणाले. "मी पण आधी ओरडायचो. इथे ओरडणाऱ्याला वेडा समजतात आणि गोळी देतात."

"मग तुम्ही कसं बोलावता?"

"पूर्वी पेला आपटायचो. स्टीलचा होता, खणखणीत वाजायचा." मास्तरांनी डाव्या हातानं एक पेला उचलून खाटेच्या दांड्यावर आपटला. फुस्स आवाज झाला. "फार आवाज होतो म्हणून हा प्लास्टिकचा दिला."

"आणि मग... बाथरूमला जायचं असेल तर?"

मास्तर तिच्याकडे बघून हसले. "बाई, मग काय, जायचं. आहे तिथेच."

ती छताकडे बघत राहिली. आधी तिला टायवाल्याचा राग आला. मग त्या पेला बदलणाऱ्याचा. आणि मग एकदम तिच्या डोळ्यांसमोर दादाची खाट आली, दादाचा उजवा हात आला, आणि त्याच्या उशाशेजारची घंटा कोणत्या हाताला होती ते आठवलं. पाठ उचलायची नाही हा दंडक तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. ती ताडकन उठली आणि दार उघडून बाहेर आली. रांगेतल्या मावश्या बिचाऱ्या गोंधळल्या. घंटा तर वाजलीच नव्हती.

"मास्तरांना आत्ताच्या आत्ता स्टीलचा पेला द्या," ती टायवाल्याला म्हणाली. "आणि तुमच्याकडे मी उद्या परत येतेय. आज मला दुसऱ्या एकीची तपासणी करायची आहे."

दादाच्या निवासगृहात ती आली तो रविवार नव्हता. तिला बघून मेट्रनबाईंच्या हातातला कप बशीत जोरात आपटला. दादा खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता. तिनं कुणाशी न बोलता त्याच्या खाटेवर चपलांसकट अंग टाकलं. सरळ पडली, पाठ टेकली, डावा हात पसरला. घंटा उशामागच्या भिंतीवर उजव्या बाजूला होती, आणि हाताला लागायची नाही ती नाहीच. मग तिनं मान डावीकडे वळवली. तिथे त्याच भिंतीत, बरोब्बर खांद्याच्या उंचीवर, स्क्रूची दोन भोकं होती.

"ही कसली भोकं?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

मेट्रनबाई पदराशी चाळा करू लागल्या. "आधी घंटा तिथेच होती. ते आले तेव्हा मीच लावली होती, डाव्या हाताशी. छान चाललं होतं, जरा काही लागलं की वाजवायचे. मग तुमच्या ऑफिसची ताकीद आली. घंटा उजवीकडे पाहिजे. म्हणून हलवली."

"आणि अंथरूण ओलं व्हायला लागलं ते त्यानंतर?"

मेट्रनबाईंनी बोटांवर महिने मोजले. त्यांनी ही गोष्ट अशी जोडून कधी पाहिलीच नव्हती.

"मला सांगायचं नाहीत?"

"तुम्हाला?" मेट्रनबाई धीर करून म्हणाल्या. "नियम तुमचा. मला वाटलं, तुम्ही विचार करूनच केला असेल. आणि मॅडम, खरं सांगू? तुम्हाला कोण सांगणार?"

घंटाबाईला रडू फुटलं. ती दादाच्या उशीवर आडवी पडूनच ढसाढसा रडली. तिला स्वतःची लाज वाटत होती. इतक्या खाटांवर लोळली, पण प्रत्येक वेळी आपला धडधाकट उजवा हात बरोबर घेऊन. आणि ज्या माणसानं हिच्या फ्रॉकला कधी सुरकुती पडू दिली नाही, तो महिनोन् महिने ओल्या चादरीत पडून हिला एकच शब्द सांगत होता.

मग ती नाक पुसून उठली. मेट्रनबाईंकडून स्क्रूड्रायव्हर मागवला, आणि मावशीच्या मदतीनं, डाव्या हातानं, शिव्या घालत घालत, घंटेची पेटी उजवीकडून काढून जुन्या भोकांवर बसवली. तिथूनच तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, घंटेचा नियम चुकलाय."

"कुणी केला होता?"

"मी."

"बरं. दुरुस्तीसाठी समिती नेमू. यंदा नाही, पण पुढच्या..."

"आणि तोवर लोकांनी काय धरून ठेवायचं का?" ती ओरडली. "उद्यापासून मी प्रत्येक ठिकाणी सांगणार, माणूस जसा, तशी घंटा. मला मेमो द्यायचा तर द्या." आणि तिनं फोन ठेवला.

मावशीनं दादाची खुर्ची खाटेच्या डाव्या बाजूला आणून लावली. दादानं घंटेकडे पाहिलं. डावं बोट पुढे केलं, आणि दाबलं. मावशी तिथेच उभी होती, तरी सवयीनं "आले, आले!" म्हणाली. दादानं बाथरूमच्या दिशेला मान हलवली. खुर्ची गेली, बाहेर सगळे थांबले, आणि खुर्ची परत घंटेपाशी आली. मावशी हसत होती.

"सगळं कळतं त्यांना," ती म्हणाली.

"वरचा मजला रद्द," घंटाबाई मेट्रनबाईंना म्हणाली. ती दादापुढे गुडघ्यावर बसली. "दादा, चुकलं रे माझं."

दादानं तिच्याकडे बघितलंच नाही. तो तिच्या खांद्यावरून मागे खाटेकडे बघत होता. त्यानं पुन्हा घंटा दाबली. मावशी धावली. दादानं चादरीकडे बोट केलं. पायथ्याशी चपलांचे दोन मातकट ठसे उमटले होते. मग ते बोट सावकाश बहिणीकडे वळलं.

"हट्," दादा म्हणाला, आणि त्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला.

इतक्या वर्षांत घंटाबाईची तक्रार करायची कुणाची छाती झाली नव्हती. तिनं निमूटपणे चपला काढल्या, त्या दाराबाहेर ठेवल्या, कपाटातून धुतलेली चादर आणली आणि एका हातानं, दातांत टोक धरून, खाटेवर पसरली. मावशी मदतीला आली तर तिनं तिला बाजूला सारलं. चारही कोपरे खोचून झाल्यावर ती घाम पुसत मागे सरली.

घंटा पुन्हा वाजली. डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिली होती.