फ्योर्डकाठचा चौथा कप

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अमावस्येचे किस्से सांगणाऱ्या मावशीची मीच सगळ्यात जास्त टर उडवायचे...

आम्ही अमेरिकेत, बॉथेलला राहतो. सासरे आमच्याकडे आलेले असतानाच गेले. दहाव्याला बॅकयार्डात पिंड ठेवले. इथे संध्याकाळी कावळ्यांनी आभाळ भरतं, पण त्या दिवशी ते फांद्यांवर बसून नुसते बघत राहिले. एकही शिवला नाही. माझ्या नवऱ्याला – निखिलला – मीटिंग गाठायची होती. शेवटी व्हिडिओ कॉलवरच्या गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला सांगितला आणि आम्ही उरकलं. सासूबाईंचं मात्र तेव्हापासून एकच पालुपद – "यांची कसली इच्छा राहिली गं?" अन्नावरची वासनाच उडाली त्यांची. दिवसेंदिवस सुकत चालल्या. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

गेल्या उन्हाळ्यात निखिलने बळेबळेच नॉर्वेची ट्रिप बुक केली. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या टोकाला, दरीतलं एवढंसं खेडं. हिरवे उतार, मेंढ्या, आणि मारित नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं लाकडी घर. पाहुणे आम्ही तिघंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उजेडात नाश्त्याला खाली आलो, तर टेबलावर चार कप. त्यातला एक वापरलेला.

"तुमचे वडील लवकर उठले," मारित निखिलला इंग्रजीत म्हणाल्या. "चहा पिऊन धक्क्याकडे गेले."

"कोणाचे वडील?"

"जाड चष्मा, अंगात मरून रंगाचा स्वेटर... आणि चहा बशीत ओतून प्यायले! माझे वडील कॉफी अशीच प्यायचे. किती वर्षांनी पाहिलं!"

निखिल पांढराफटक पडला. तो तसाच धक्क्यावर धावला. तिथे कुणी नव्हतं.

सासूबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "तिला विचार, सगळा प्यायले का?"

मी विचारलं. मारित हसल्या. "सगळा. वर अर्धा कप आणखी मागून घेतला."

सासूबाई खुर्चीत बसल्या. "त्या सकाळी बशीत ओतला आणि छातीत कळ आली गं... ॲम्ब्युलन्स आली, चहा तसाच राहिला. मीच सिंकमध्ये ओतला." आणि मग त्या रडल्या. ते गेल्यापासून पहिल्यांदाच, मोकळं. जरा वेळाने डोळे पुसले आणि ब्रेडची बशी जवळ ओढली.

मारितना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. दुसरा पाहुणाही नव्हता. मला आजही काही कळलेलं नाही. सासूबाईंपाशी विषय काढला, तर त्याच मला वेड्यात काढतात –

"कळायचंय काय त्यात? माणूस चहा प्यायला आणि गेला."