पत्रकाचा फॉन्ट

कॉम्प्युटरवर फॉन्टची यादी उघडली की मला चाकणच्या त्या डीटीपीच्या दुकानातला तापलेल्या टोनरचा वास येतो. संक्रांतीनंतरचे दिवस होते. तिथल्या एका कंपनीत लाइनवरच्या बायकांना लघवीला जायचं तरी सुपरवायझरची परवानगी लागे, आणि त्याविरुद्धच्या सभेचं पत्रक संघटनेतर्फे मी लिहिलं होतं. मथळ्याला मी यादीतला सगळ्यात जाड फॉन्ट लावला. लाइनवरची एक ताई सोबत आली होती. ती म्हणाली, “हे लांबूनच दिसतंय. जिच्या हातात दिसंल तिला उद्या कामावर घेणार न्हाईत. हळदीकुंकवाच्या निमंत्रणासारखं कर.” मी भडकले, “आपला राग वेलबुट्टीत लपवायचा?” “मग छाप तुझा राग, नोकरी आमची जाऊ दे!” चडफडत मी नाजूक, वळणदार फॉन्ट लावला. शिफ्ट सुटताना ती गेटवर पत्रकं वाटू लागली तेव्हा वॉचमन हसून म्हणाला, “आमाला न्हाई का बोलावणं?” “बायकांचं हाय, भाऊ!” म्हणत तिनं सगळी वाटून टाकली. रविवारी सभेला बसायला जागा उरली नाही. तरी अजून वाटतं, ते शब्द जाड अक्षरातच हवे होते. आणि तसे छापले असते तर त्या सभेत मी एकटीच बसले असते, हेही मला पक्कं ठाऊक आहे.