काचेवरची काच

स्टुडिओवाल्या वहिनींना गप्प करायचं असेल तर त्यांच्यापुढे एखादी न उलगडणारी गोष्ट ठेवावी. नळ बंद केल्यावर भिंतीतून टकटक का होते, शेजारची मांजर लाल गादी सोडून निळीवर का बसत नाही, असला भुंगा एकदा डोक्यात शिरला की त्यांना जेवणाचंही भान राहत नसे. मग नवरा "आता हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही" म्हणायचा आणि स्वतःच भाजी चिरायला घ्यायचा.

फोटो स्टुडिओ मूळचा सासऱ्यांचा. हात थरथरायला लागले तेव्हा अण्णांनी तो सुनेच्या हवाली केला आणि ते घरी खिडकीशी बसले, ते बसलेच. पुन्हा स्टुडिओची पायरी चढले नाहीत. "मी येऊन काय करू, खुर्च्या पुसू?" एवढंच म्हणायचे. किल्ल्या देताना त्यांनी एक नियम मात्र घालून दिला होता. लेन्सवर फिल्टर हवाच. म्हणजे पुढच्या तोंडावर फिरवून बसवलेली साधी, बिनरंगी काच. ओरखडा पडायचा तो तिच्यावर पडू दे, आतली महागामोलाची काच शाबूत राहू दे. जगातल्या प्रत्येक गोष्टीला "का" विचारणाऱ्या वहिनींनी याला कधी विचारलं नव्हतं. अण्णांचा शब्द होता, विषय संपला.

मग एका नाटक मंडळीच्या तालमीचे फोटो काढायचं काम आलं. सभागृहात काळोख, रंगमंचावर वरून दिव्यांची रांग. वहिनींनी फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, तर नटांच्या पायांशी हिरवट ठिपके तरंगत होते.

दिग्दर्शकानं चष्मा वर सरकवला. "आमच्या नाटकात भूत नाहीये."

"असू द्या हो," म्हातारीचं काम करणारी नटी म्हणाली, "निदान ते तरी वेळेवर तालमीला आलंय."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. भुंगा शिरला होता.

घरी त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. वरच्या रांगेतला एक दिवा जरा कलून खाली आला होता. ठिपक्यांच्या रांगेतही एक ठिपका असाच ओळ सोडून होता, पण वरच्या बाजूला. वहिनींनी फूटपट्टी घेतली. दिव्यापासून फोटोच्या मध्यातून रेघ धरली की ती बरोबर ठिपक्यावर जाऊन टेकत होती. म्हणजे हे भूतबीत काही नव्हतं, दिव्यांचंच उलटं प्रतिबिंब होतं. उजेड आत जाऊन कुठेतरी आपटत होता, परत येत होता, आणि पुन्हा आत ढकलला जात होता. पण त्याला मागे ढकलणारी सपाट काच कोणती? अण्णांच्या नियमातली तर नाही?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओत अंधार केला, टेबलावरचे दिवे मांडले आणि फिल्टर लावून एक, काढून एक असे फोटो घेतले. फिल्टर काढला की ठिपके नाहीसे. लावला की हजर.

आता हे अण्णांना सांगायचं कसं? वहिनी संध्याकाळी त्यांच्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि फोटो पुढे केले. अण्णांनी ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले.

"म्हणजे जन्मभर मी चुकीचं केलं म्हणतेस?"

"तसं कुठे म्हटलं मी? फक्त दिव्यांचं सांगतेय."

"आणि लेन्स हातातून पडली तर?"

"पडली तर फिल्टर वाचवतो, हे तुम्ही पाहिलंय?"

अण्णांनी फोटो खाली ठेवले. "सगळेच म्हणतात."

"ते मीही ऐकलंय, अण्णा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. "माळ्यावर बुरशी धरलेल्या लेन्स पडल्यात. कुणाच्या कामाच्या नाहीत. काढ खाली."

नवरा कामावरून आला तेव्हा त्याचे वडील अंगणात स्टुलावर उभे होते आणि बायको खाली वाकून फरशीवरचे काचेचे तुकडे निरखत होती.

"घरात काय चाललंय हे?"

"बाजूला हो," अण्णा म्हणाले, "अजून एक टाकायचीय."

फिल्टर लावलेली लेन्स पडली तेव्हा फिल्टरचा चुरा झाला, आणि त्याच चुऱ्यानं आतल्या काचेवर नख मारल्यासारखे ओरखडे काढले. उघडी लेन्स पडली, तिची कड चेपली, काचेला काही झालं नाही. पुढे ऊन अडवायला लावायचं ते प्लास्टिकचं रुंद कडं, ज्याला हूड म्हणतात, ते लावून टाकलेली लेन्स उडी मारून बाजूला पडली, तशीच्या तशी. अण्णांनी हूड हातात फिरवून पाहिला. "हा मी कायम खोक्यात ठेवायचो. अडचण म्हणून."

मग ओरखड्याची पाळी आली. वहिनींनी चांगल्या लेन्सवर ओरखड्याऐवजी काळ्या कागदाचा बारीक तुकडा चिकटवला आणि अण्णांचाच फोटो काढला. दोघांनी तो शोध शोध शोधला. कागदाचा मागमूस नव्हता.

"मग एका ओरखड्यासाठी एवढा जीव कशाला टांगणीला लावायचा?" वहिनी म्हणाल्या.

जेवताना अण्णांचा घास हातातच राहिला. "मला ते ठिपके कधी का दिसले नाहीत, कळलं. आमच्या फिल्मला चकाकी नव्हती. तुमच्या कॅमेऱ्यात आत आरशासारखं चकचकीत आहे. उजेड तिथूनच उलटून येत असणार." सुनेनं भाकरी खाली ठेवली. हे तिला सुचलंच नव्हतं.

नाटकाचे नवे फोटो स्वच्छ आले. वहिनींना वाटलं, नियम आता निकालात निघाला.

पुढचं काम लोखंडी फाटकं बनवणाऱ्या कारखान्याचं होतं. ठिणग्या उडताना जवळून फोटो हवे होते. वहिनी उघडी लेन्स पिशवीत भरत होत्या, तेवढ्यात अण्णा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "ठिणगीचं काय होतं, ते आपण कुठे पाहिलंय? फिल्टर लाव. आणि मी येतोय."

त्यांना शर्ट घालायलाही आता मदत लागायची. त्या दिवशी ती त्यांनी मागितली नाही. बटणं एक घर चुकली होती, वहिनींनी तिकडे पाहिलंच नाही.

कारखान्यात कानठळ्या बसतील असा आवाज होता. कामगार घासायचं फिरतं चाक लोखंडाला लावायचा आणि नारिंगी फवारा थेट वहिनींच्या दिशेनं यायचा. अण्णा मागे उभे राहून त्यांच्या खांद्याला धरून होते, तोल सावरायला की सुनेला मागे ओढायला, कोण जाणे. काम झाल्यावर दोघं दाराबाहेर उजेडात आले. वहिनींनी फिल्टर फिरवून काढला आणि त्यावरून बोट फिरवलं. काच खरखरीत लागली. पुसून पाहिली, तरी काळे कण जागचे हलेनात. ते काचेत रुतले होते.

"हे आतल्या काचेवर बसले असते," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली, पण जिंकल्याचा भाव तोंडावर नव्हता. खिशातून भिंग काढून ते फिल्टरवर धरायचा प्रयत्न करत होते, आणि हात थरथरल्यामुळे ते जमत नव्हतं. वहिनींनी भिंग आपल्या हातात घेऊन स्थिर धरलं. अण्णा वाकले.

"गोल आहेत गं सगळे," ते म्हणाले. "लोखंडाचा किसच की हा. मग टोकदार का नाही? वाटेतच वितळला असेल का?"

"थांबा, मला बघू द्या," वहिनी म्हणाल्या, आणि दोघांची डोकी भिंगावर एकमेकांना आपटली.