खैरुद्दीन सारंग यांची चादर

अमिरातीतील फुजैरा बंदराजवळ एक स्वस्त हॉटेल आहे. तेथील धुलाईची खोली माझ्याकडे आहे. जहाजावर चढणारे आणि जहाजावरून उतरलेले खलाशी येथे एक-दोन दिवस राहतात व निघून जातात. त्यांची नावे मला कळत नाहीत; त्यांच्या चादरी तेवढ्या कळतात. खैरुद्दीन यांचे मात्र तसे झाले नाही.

ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. वयाने माझ्याच जोडीचे. जहाजावर ते सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे प्रमुख. ज्या जहाजावर त्यांनी पूर्वी काम केले होते, त्याच जहाजावरील एका शेवटच्या फेरीसाठी कंपनीने त्यांना येथे बोलावले होते. परंतु जहाज वाटेत दुसऱ्याच बंदरात अडकले, आणि दोन दिवसांचा मुक्काम लांबत लांबत दोन महिन्यांवर गेला.

त्यांच्या खोलीतून चादर धुवायला येत नाही, हे माझ्या लवकरच लक्षात आले. मी वर जाऊन पाहिले. पलंग जसाच्या तसा होता आणि खाली चटई अंथरलेली होती.

“सारंग, चादर वापरा की. ती हॉटेलची आहे, माझ्या घरची नव्हे.”

“नको, भिकाजीशेठ. माझे वालिद जहाजावर निघायच्या आधी पलंगावर निजत नसत. मीही निजत नाही. गादीवर पडलं की वाटतं, पोचलो.”

“पाठ दुखेल अशाने.”

“दुखू द्या. माझीच आहे.”

दुपारी ते धुलाईच्या खोलीत येऊन बसत आणि मी इस्त्री करताना घरी फोन लावत. त्यांच्या पत्नी रशीदा यांचा आवाज मोठा होता. “दोन महिने हॉटेलात बसलात! जहाजाशीच निकाह लावायचा होता, मला कशाला फसवलंत?” ते हसत. एकदा मात्र फोन ठेवल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, “मी घरी सलग दोन महिन्यांहून जास्त कधी राहिलोच नाही. पाण्याचा पेला कुठे असतो, तेही विचारावं लागतं. सगळे माझी सरबराई करतात. पाहुण्याची करतात तशी. ही फेरी झाली की जाईन. त्या आधी नको.” या फेरीनंतर काय होणार, हे मी विचारले नाही. ही एक फेरी त्यांना हवी होती, एवढे मला समजले.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर जात असू. दूर समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजे तेथून दिसतात. एके दिवशी ते बोट दाखवून म्हणाले, “ते बघा, आपलंच असणार. धुराडं निळं आहे ना?” मला त्या ठिकाणी केवळ पाणी दिसत होते. मी होय म्हणालो.

पुढे त्यांच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत येथेच संपली. कंपनीच्या एजंटाचा माणूस अबरार, हा मूळचा रायगडचा, त्यांना नव्या तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर सारंग उतरले, पण अबरार गाडीतून उतरेना. काच खाली करून म्हणाला, “चाचा, खलास. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर पास करत नाही.”

“ऑपरेशन करून घेतो.”

“जहाज परवा येतंय, चाचा. ऑफिसने दुसरा माणूस पाठवलाय. शारजाला उतरला तो. तुमचं घरचं तिकीट बनवतोय.”

“तो सारंग म्हणून जातोय?”

“पहिल्यांदाच.”

खैरुद्दीन यांनी गाडीचे दार धरले. मग म्हणाले, “त्याला सांग, पुढच्या नांगराची साखळी मध्येच अडकते. हिसका देऊ नकोस म्हणावं.”

त्या रात्रीही ते चटईवरच निजले असावेत, कारण सकाळी चादर आली नाही.

ठरल्या दिवशी जहाज खरोखर आले आणि किनाऱ्यापासून जवळच उभे राहिले. आम्ही गच्चीवर गेलो. ते समुद्राकडे पाहत होते, परंतु जहाजाच्या दिशेला नव्हे.

“धुराड्याचा रंग सांगा.”

“निळा. मध्ये पांढरा पट्टा.”

“मग तेच. लाँच निघाली?”

“निघाली. मागच्या बाजूला एक माणूस उभा आहे.”

“बसायला सांगा त्याला,” ते एकदम मोठ्याने म्हणाले. “शिडीजवळ लाट उसळते.”

लाँच जहाजाला लागली. तो माणूस शिडी चढून वर गेला, तेही मी त्यांना सांगितले. खाली जाताना त्यांनी जिन्याचा कठडा धरला. यापूर्वी ते धरत नसत.

तिकीट अजून आलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाठोड्यात त्यांच्या खोलीची चादर आली. ती एकाच बाजूला चुरगळलेली होती. मी ती इतर चादरींबरोबर यंत्रात टाकली.