अक्कांचं साडेदहाचं माप

आधी अक्कांचं सांगते. आठवीनंतर शाळा सुटलेली, परभणीकडून मावशीच्या भरवशावर हुबळीला आलेली मी. वर्षभरात मावशीचं बिऱ्हाड गोव्याला गेलं आणि मी इथंच राहिले, ती अक्कांमुळे. दाजीबानपेठेत त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. काजं-बटणं करण्यापासून कटोरी कापण्यापर्यंत सगळं त्यांनी शिकवलं, दुकानावरची खोली राहायला दिली, कानडी बोलायला शिकवलं. एकदा तापात पडले तेव्हा त्यांनी दुकान बंद ठेवून मला मऊ भात भरवला. हे आधी लिहिते, कारण पुढं मी त्यांच्याशी काय केलं ते येणार आहे.

अक्का तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. दोन मुलं अंगावर पाजलेली, त्यात थायरॉईडच्या दुखण्यात वजन झपाट्यानं उतरलं. दुखणं बरं झालं, पण छाती पूर्वीसारखी राहिली नाही. एका दुपारी, जेवणासाठी शटर अर्धं ओढलेलं असताना त्या म्हणाल्या, "बघ की गं, कापूस काढलेल्या उशीसारखी झालेय मी. आता हसू नकोस, मी डॉक्टरणीकडे जाऊन आलेय."

मी हसले नाही. त्या थट्टेत बोलत होत्या, पण हात पदराशी चाळा करत होते.

डॉक्टरणीनं त्यांना नीट समजावलं होतं. इम्प्लांट म्हणजे आतून भर घालणं. लिफ्ट म्हणजे सैल कातडी काढून स्तन वर उचलून बसवणं. ओघळणं अगदी थोडं असेल आणि बोंडी स्तनाखालच्या घडीच्या वर असेल, तर नुसत्या भरीनंही छाती उचलल्यासारखी दिसते. बोंडी घडीपाशी किंवा तिच्याखाली आली असेल तर भर घालून वजनच वाढतं, उचललं काही जात नाही. "तुमचं अगदी काठावर आहे," ती म्हणाली होती, "माझं मत विचाराल तर दोन्ही करू." पण लिफ्टचे व्रण बोंडीभोवती आणि खाली घडीपर्यंत राहणार होते. अक्का व्रणांना भ्यायल्या होत्या. शिवाय दोन्ही केलं तर मशीनवर बसायला कितीतरी जास्त आठवडे लागणार होते.

"तिनं एकदा बघितलंय," अक्का म्हणाल्या. "तू सात वर्षं टेप लावतीस मला. तू सांग, उतरलंय का?"

आमच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाचं वहीत एक पान असतं. मी अक्कांचं पान काढलं. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप सातही वर्षं साडेदहा इंच.

"एक सूतसुद्धा हललेलं नाही अक्का. नुसतं रिकामं झालंय. भरलं की झालं."

"हौदु? खरंच?" त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. "मग हेच सांगते तिला."

वहीत होतं तेच मी बोलले, हे खरं. पण वहीपलीकडे बघावं असं मला वाटलं नाही, याला कारण होतं. अक्का गावाला गेल्या की त्यांचे दीर गल्ल्यावर बसत. आम्ही त्यांना धाकटे अण्णा म्हणतो. मागच्या खेपेला ते माझ्यासमोरच कुणाला तरी फोनवर म्हणाले होते, "ही परमुलखातली पोर किती दिवस ठेवायची? ती खोली रिकामी झाली तर माल ठेवता येईल." अक्का दोन आठवडे नसल्या तर मी निभावलं असतं. दोन महिने नसल्या तर परत आल्यावर त्यांना मी दिसले असते की नाही, कोण जाणे. परभणीला माझं परत जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. अक्का माझ्याकडे छातीचं माप विचारत होत्या आणि मी मनात आठवडे मोजत होते.

ऑपरेशनला आठ दिवस राहिले तेव्हा अक्कांना दोन सैल सुती ब्लाऊज हवे झाले, पुढून हुकांचे, नंतर घालायला. आत नेहमीची ब्रा चालणार नव्हती म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी टेप लावला. सव्वाअकरा. पुन्हा लावला. सव्वाअकराच. आणि टोक खालच्या घडीच्या रेषेत आलेलं मला डोळ्यांनी दिसत होतं.

आमच्या धंद्यात हे माप उघड्या अंगावर कुणी घेतच नाही. बाई ब्रा घालून उभी राहते, पट्टा ताणलेला असतो, तिथं जे टोक येतं ते माप. अक्कांच्या बाबतीत तर मागची दोन वर्षं मी तेवढाही त्रास घेतला नव्हता. त्यांचा एक चांगला बसणारा जुना ब्लाऊज टेबलावर पसरायचा आणि त्याच्यावर टेप ठेवायचा. ब्लाऊजला बाळंतपण नाही की दुखणं नाही, तो कशाला उतरेल? शिवणकामाला हे माप बरोबरच आहे, कारण अंग जिथं असावं तिथं ते धरून ठेवणं हेच आमचं काम. पण डॉक्टरणीच्या कामाला ते बिनकामाचं, हे मला त्या क्षणी कळलं.

"काय गं, टेप हरवला का माझ्या अंगातच?" अक्का म्हणाल्या.

"नाही अक्का, टेपला गाठ पडली होती."

कसली गाठ? प्लास्टिकच्या टेपला गाठ पडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्या खुशीत होत्या, त्यांनी ते सोडून दिलं.

ते आठ दिवस मी रोज सांगायचं ठरवत होते. सकाळी ठरवायचे, आणि दुपारी धाकटे अण्णा "पुढच्या आठवड्यापासून मीच इथं, काय?" असं म्हणत गल्ल्याच्या किल्लीला हात लावून बघायचे. मी पुन्हा मशीनवर जाऊन बसायचे.

आदल्या दिवशी दवाखान्यात मी अक्कांबरोबर होते. डॉक्टरणीनं कानडीत पुन्हा सगळं विचारलं. नुसत्या इम्प्लांटनं वरचा भाग भरेल, बोंडी वर जाणार नाही. छोटं घातलं तरी पुढं कातडी सैल पडू शकते आणि मग लिफ्ट करावंच लागेल. चालेल का? अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ही आमची मास्तरीण म्हणते, भरलं की पुरे."

डॉक्टरीण हसून माझ्याकडे वळली. "काय मास्तरीणबाई, खात्री आहे?"

मी मान हलवली. अक्कांनी सही केली.

पहिले काही महिने छान गेले. अक्का बारा दिवसांत दुकानात आल्या, माझी खोली राहिली, आरशासमोरून जाताना त्या उगीच पदर सारखा करायच्या आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. मग हळूहळू दिसायला लागलं. आतलं इम्प्लांट जागेवर, आणि वरचं त्यांचं स्वतःचं मांस त्याच्यावरून खाली घसरलेलं. घट्ट ब्लाऊजमध्ये एकाखाली एक असे दोन उंचवटे. सगळ्यांच्या आधी ते मला कळलं, कारण ब्लाऊज मीच शिवत होते. चार ब्लाऊज मी उसवून पुन्हा बेतले आणि दरवेळी म्हटलं, "कापडच तसलं आहे अक्का."

शेवटी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीण म्हणाली, आता लिफ्ट करायला हवं, हे होऊ शकतं असं मी तुम्हाला म्हटलं होतं. अक्का परत येऊन कापणीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि अस्तर कापायला लागल्या. तेव्हा मी बोलले. जुना ब्लाऊज, सव्वाअकरा, खोटी गाठ, धाकटे अण्णा, मोजलेले आठवडे, सगळं.

कात्री थांबली नाही. "सव्वाअकरा?"

"हो."

"आणि माझ्या तोंडावर गाठ म्हणालीस."

"हो, अक्का."

"गाढवे! लग्न होऊन आल्यापासून त्या माणसाला मी या दुकानात एक खुर्ची हलवू दिली नाही. तो तुला काढणार होता?" मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. कापड संपल्यावर त्यांनी कात्री खाली ठेवली. "मला विचारायचं होतंस. अंग माझं होतं पोरी."

त्या दिवशी त्या कामापुरतंच बोलल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, "डॉक्टरणीकडे परत जायचंय. तू चल. तिनं विचारलं तर दिसतं ते सांग, नाहीतर गप्प बस."

अजून दिवस ठरलेला नाही. आता तेच व्रण होणार, पूर्वी ज्यांना त्या भ्यायल्या होत्या ते, आणि वर हे दुसऱ्यांदा भूल घेणं. चूक डॉक्टरणीची नाही आणि अक्कांचीही नाही. त्यांना हात वर नेता येणार नाही तेवढे सगळे आठवडे त्यांची वेणी मी घालीन, दुकान मी बघीन, आणि कधी उघडायचं कधी बंद करायचं ते त्यांच्याच तोंडून ऐकीन. यानं फिटणार नाही, मला माहीत आहे. पण अक्का, एक ना एक दिवस मी तुमचं हे फेडीन.